होस्टेलच्या नवीन मुलांना दारू-ड्रग्जबद्दल नेमकं काय सांगायचं?

अबोली
नमस्कार मंडळी. मी विद्यापीठात विद्यार्थी कल्याणचं काम बघते, नवीन बॅच येतेय आणि इंडक्शनमध्ये "व्यसनमुक्ती" नावाचं एक छोटं सेशन माझ्याकडे आहे. आजवर त्यात सडलेल्या लिव्हरचे फोटो दाखवायचे, नियमावली वाचायची, सगळ्यांना उभं करून शपथ द्यायची, झालं. मुलं मागच्या रांगेत मोबाइलमध्ये असतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, अठरा-एकोणीसच्या पोराला लिव्हरची भीती कशी वाटणार, ती वीस वर्षांनंतरची गोष्ट झाली.

मला यंदा आज रात्रीच्या धोक्याबद्दल बोलायचंय. पार्टी झाली, एकजण आउट झाला, बाकीचे म्हणाले "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल", दार ओढून घेतलं आणि गेले. त्या बंद दारामागे मुलं दगावतात. मित्र वाईट असतात म्हणून नाही, त्यांना एकतर धोका कळत नाही, आणि कळला तरी रेक्टरना फोन करायची हिंमत होत नाही कारण फोन केला की सगळेच अडकणार.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, धोका ओळखायचा कसा आणि त्या क्षणी करायचं काय, हे मुलांच्या डोक्यात राहील अशा भाषेत. आणि दुसरं, मदतीला फोन करणाऱ्यावर कारवाई नाही असा नियम कुठे आहे का, तो कसा चालतो. आमच्याकडे वरिष्ठांचं म्हणणं पडतं की असं काही बोललो तर पिण्याला परवानगी दिल्यासारखं होईल. मला ते पटत नाही पण मुद्देसूद उत्तर द्यायचंय. अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

रात्रपाळी
कॅज्युअल्टीत काम करतो त्यामुळे पहिल्या भागावर लिहितो, जरा लांबेल.

मुलांना सगळ्यात आधी हे सांगा की पिणं थांबलं म्हणजे चढणं थांबलं असं नसतं. शेवटचा ग्लास रिकामा झाल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, पातळी साधारण अर्धा ते दीड तास वर जात राहू शकते. म्हणजे १२ वाजता बडबड करत असलेला मुलगा १ वाजता श्वास विसरण्याच्या अवस्थेत असू शकतो आणि मित्रांना वाटतं बरं झालं, शांत झोपला एकदाचा.

उतरायचा वेगही ठरलेला आहे, रक्तातली दारूची पातळी ताशी साधारण ०.०१५ टक्क्याने कमी होते. कॉफी, लिंबू, गार पाण्याची अंघोळ, चालवणं, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. अंघोळीने उलट अंग गार पडतं, दारूने आधीच शरीराची उष्णता कमी झालेली असते, वर पाय घसरून डोकं आपटतं ते वेगळंच. रात्री १ वाजता पातळी ०.२० असेल तर सकाळी ८ ला ती ०.०९ च्या पुढेच असते, आणि गाडी चालवायची मर्यादा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ०.०८ आहे, अनेक देशांत ०.०५ किंवा त्याहून कमी. झोप झाली, आता फ्रेश आहे म्हणून सकाळी बाइक काढणारे यात सापडतात.

आता धोका कसा ओळखायचा. हाक मारून, खांदा जोरात हलवून, चिमटा काढूनही नीट जागा होत नाही. श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत १० सेकंदांहून मोठी गॅप. ओठ, नखं निळसर, अंग गार आणि चिकट. फिट येणं. शुद्ध नसताना उलटी. यातलं एक जरी दिसलं तरी अँब्युलन्स, सगळी लक्षणं जमायची वाट बघायची नाही. मोबाइलचं टायमर लावून श्वास मोजा, अंदाजाने नको.

अँब्युलन्स येईपर्यंत कुशीवर. वरचा गुडघा वाकवून पुढे, वरच्या हाताचा तळवा गालाखाली, मान किंचित मागे आणि तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. बेशुद्धीत ठसका लागायची जी प्रतिक्रिया असते ती मंदावते, उताणा माणूस स्वतःच्याच उलटीने गुदमरतो. बोटं घालून उलटी काढायला जाऊ नका. एकटं सोडू नका. श्वास थांबला किंवा नुसते अधूनमधून आचके येत असतील तर कुशीवर ठेवायचं नाही, सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देणं, सुरू करायचा, फोनवरचा माणूस कसा करायचा ते सांगतो.

आणि डॉक्टरला खरं सांगा. काय घेतलं, किती, कधी, सोबत कुठली गोळी. "काही नाही हो, फक्त बीअर" असं मुलं सांगतात आणि आमचा वेळ दुसऱ्याच दिशेला जातो. पाकीट, बाटली, उरलेली गोळी हातात असेल तर घेऊन या.

दीपस्तंभ
माझा मुलगा यंदाच होस्टेलला जातोय. अबोलीताई, तुमचा हेतू चांगला आहे पण स्पष्ट बोलतो. ही सगळी माहिती म्हणजे पोरांना "प्या, पण असं प्या" सांगण्यासारखं वाटतं. नियम कडक करा, सापडला की काढून टाका, दोन उदाहरणं झाली की बाकीचे आपोआप सरळ होतील. फोन करणाऱ्याला माफी म्हणजे उद्या सगळेच फोन करून सुटतील. पालक म्हणून मला माझं मूल दारूपासून लांब हवंय, दारू पिऊन सुरक्षित नकोय.

चांदणवेल
काका, मी आत्ता थर्ड इयरला आहे, होस्टेलमध्येच राहते, म्हणून विद्यार्थ्यांच्या बाजूने सांगते. कडक नियम आमच्याकडे आहेतच, त्याने पिणं थांबत नाही, ते लांब जातं. गच्चीवर, बाहेरच्या फ्लॅटवर, जिथे सिक्युरिटी नाही आणि पत्ताही कुणाला नीट सांगता येत नाही. आणि घाईघाईत संपवायची असते म्हणून एकदम ढोसली जाते, ते जास्त वाईट.

कुणी आउट झालं की पहिला प्रश्न "हा ठीक आहे ना" हा नसतोच, पहिला प्रश्न असतो "आता कुणाला कळलं तर". घरी पत्र जाईल, रूम जाईल, स्कॉलरशिप जाईल, कँपस प्लेसमेंटला बसू देणार नाहीत. हे सगळं डोक्यात फिरत असताना फोन करायला खूप मोठं मन लागतं हो, आणि जो फोन करतो त्याला बाकीचे नंतर "चुगलखोर" म्हणतात तो त्रास वेगळा.

अबोलीताई, अजून एक सांगाल का सेशनमध्ये, की न पिणारे खूप असतात. पहिल्या महिन्यात असं भासवलं जातं की सगळेच पितात, तुम्हीच काय ते मागासलेले, आणि तेव्हाच बरेच जण फक्त एकटं पडायचं नाही म्हणून पहिला ग्लास उचलतात. "मी घेत नाही" एवढंच म्हणायचं, कारण द्यायचं नाही, कारण दिलं की समोरचा त्यावर वाद घालतो. आणि बॉटम्स अप, सीनियरने हातात दिलेली बाटली संपवायची, हे असले खेळ म्हणजे सरळ रॅगिंग आहे, त्याला मजा म्हणणं बंद करा असं कुणीतरी मोठ्या माणसाने स्टेजवरून म्हणायला हवं. आमच्याकडून ते ऐकलं जात नाही.

कुलूपकिल्ली
शिस्तपालन समित्यांच्या नियमावल्या करण्यात माझा बराच काळ गेलाय, तर दुसऱ्या भागाबद्दल.

अबोलीताई, तुम्ही म्हणता त्या नियमाला मेडिकल अॅम्नेस्टी म्हणतात आणि तो नवीन नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने तो २००२ मध्ये आणला. त्यानंतरच्या वर्षांत मदतीसाठी येणारे फोन वाढले, आणि मित्र अडचणीत येईल या भीतीने फोन टाळला असं सांगणारे विद्यार्थी कमी झाले. पुढे राज्यांच्या कायद्यातही हे आलं, ओव्हरडोसच्या वेळी मदत मागणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा न्यू मेक्सिकोने २००७ मध्ये केला, नंतर बहुतेक राज्यांनी केला.

दीपस्तंभ साहेब, तुमची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर नियमातच असतं. माफी म्हणजे मोकळं रान नाही. संरक्षण मिळतं ते पिण्याबद्दलच्या शिक्षेपुरतं, तेसुद्धा फोन केला, तिथे थांबला, नाव सांगितलं, आलेल्या लोकांना सहकार्य केलं तर. मारामारी, छेडछाड, तोडफोड, ड्रग्ज विकणं, दारू पिऊन गाडी चालवणं यातलं काहीही त्यात माफ होत नाही. नंतर समुपदेशकाला भेटणं सक्तीचं असतं आणि पुन्हापुन्हा तेच झालं तर वेगळी प्रक्रिया लागते. म्हणजे पोरगा सुटत नाही, तो जिवंत राहतो आणि मग त्याच्याशी बोलता येतं.

एक गोष्ट मात्र स्टेजवरून शंभर टक्के स्वच्छ सांगा. विद्यापीठाचा नियम आणि देशाचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठाने माफ केलं म्हणून पोलीस माफ करतीलच असं नाही, तिथला कायदा काय म्हणतो ते आधी बघून मगच मुलांना शब्द द्या. खोटा दिलासा दिलात आणि एका मुलाला त्याचा फटका बसला की पुढची कित्येक वर्षं कुणी फोन करणार नाही.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी तर कानात लिहून घ्यावं. दारूचं किमान वय अमेरिकेत २१, जपानमध्ये २०, ब्रिटनमध्ये विकत घ्यायला १८. कॅनडात गांजा ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर, पण तो घेऊन सीमा ओलांडणं गुन्हा. अमेरिकेतल्या काही राज्यांत गांजा चालतो, पण केंद्रीय कायद्यात तो बेकायदा, आणि १९८९ च्या ड्रग-फ्री स्कूल्स कायद्यामुळे केंद्राचा निधी घेणाऱ्या विद्यापीठांना कँपसवर त्याला बंदी घालावीच लागते. स्टुडंट व्हिसावर असाल तर राज्याचा कायदा तुम्हाला वाचवत नाही, आणि ड्रंक ड्रायव्हिंगमध्ये नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच. सिंगापूर आपल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना परदेशात केलेल्या ड्रग्जसेवनाबद्दलही जबाबदार धरतं. "तिथे सगळे करतात" हे कुठल्याही इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे उत्तर होत नाही.

अबोली
कुलूपकिल्ली, अगदी हेच हवं होतं. "तिथे थांबला" ही अट मला फार महत्त्वाची वाटतेय, फोन करून पळून जाणं हाही प्रकार होतो. नियमाचा मसुदा समितीपुढे ठेवताना तुमचा हा प्रतिसाद जवळजवळ तसाच वापरेन, चालेल ना?

कुलूपकिल्ली
खुशाल वापरा.

मृगजळ
मी फार्मासिस्ट. सगळे दारूवरच बोलतायत, पण आता होस्टेलमध्ये गोळ्याही तितक्याच फिरतात आणि मुलांना त्या "औषध" म्हणून दारूपेक्षा साध्या वाटतात.

झोपेच्या आणि अँग्झायटीच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरे, आणि दारू, ही जोडी श्वास मंद करते. दोन्ही थोडंथोडंच घेतलं होतं हा बचाव शरीर ऐकत नाही. कोडीन, ट्रामाडोलसारखी अफूवर्गातली वेदनाशामकं असली तर अजून वाईट. झोप आणणारी सर्दीची गोळी घेऊन वर प्यायलात तरी गुंगी कितीतरी वाढते.

एनर्जी ड्रिंकमध्ये दारू मिसळणं. कॅफिनने झोप पळते, दारू कमी होत नाही, माणसाला वाटतं मी तर टकाटक आहे, आणि तो अजून पितो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकाने, २०१० मध्ये कॅफिन घातलेली तयार दारू विकणाऱ्या कंपन्यांना याचसाठी ताकीद दिली होती. कोकेन आणि दारू एकत्र घेतली की लिव्हरमध्ये कोकाइथिलीन नावाचा तिसराच पदार्थ तयार होतो, तो कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतो आणि हृदयावर ताण आणतो.

खाण्यातून घेतलेला गांजा चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लागू शकतात. "काहीच होत नाहीये" म्हणून दुसरा डोस घेतात आणि मग दोन्ही एकदम येतात. एक्स्टसी या पार्टीतल्या गोळीचंही असंच, शिवाय त्यात शरीर तापतं, आणि त्या भीतीने लिटरच्या लिटर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरून फिट येऊ शकते. लाफिंग गॅस बरेच जण निरुपद्रवी समजतात, वारंवार घेतला तर तो शरीरातलं बी-१२ निकामी करतो आणि हातपाय बधिर पडायला लागतात, ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ पासून तो क्लास सी ड्रग, म्हणजे बेकायदा अमली पदार्थ, ठरवलाय.

परीक्षेच्या दिवसातल्या "अभ्यासाच्या गोळ्या" हा माझ्या दृष्टीने सगळ्यात दुर्लक्षित विषय आहे. एडीएचडीवर, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासावर, डॉक्टरांनी एका मुलाला लिहून दिलेली गोळी तो प्रेमाने रूममेटला देतो, दोघांनाही वाटत नाही आपण काही गैर केलं. पण ती शेड्यूल्ड, म्हणजे कायद्याने नियंत्रित औषधं आहेत, नुसतं दुसऱ्याला देणं हाही बऱ्याच देशांत गुन्हा आहे, आणि जपानमध्ये तर अॅम्फेटामिन असलेली अॅडरॉलसारखी गोळी प्रिस्क्रिप्शन असलं तरी नेता येत नाही. ज्याच्या हृदयाच्या ठोक्यांत आधीच काही बिघाड आहे आणि माहीत नाही, त्याचं काय होईल? आणि ऑनलाइन किंवा कुणाच्या ओळखीने आलेली गोळी हुबेहूब असली तरी आत काय आहे ते कळत नाही, अमेरिकेत अशा नकली गोळ्यांत फेंटॅनिल हे अफूवर्गातलं अतितीव्र औषध सापडतं, ते काही मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतं.

अफूवर्गातल्या ओव्हरडोसची खूण म्हणजे डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंद श्वास, जाग नाही. त्यावर नॅलॉक्सोन हे उतारा औषध आहे, नाकात मारायचा स्प्रे येतो, अमेरिकेत २०२३ मध्ये तो प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला मान्यता मिळाली. दोन-तीन मिनिटांत परिणाम दिसतो, पण तो अर्धा ते दीड तासच टिकतो आणि आतलं ड्रग त्याहून जास्त वेळ राहू शकतं, म्हणून मुलगा उठून बसला तरी हॉस्पिटल टाळायचं नाही. दारूवर त्याचा उपयोग नाही, पण काय घेतलंय नक्की माहीत नसताना दिलं तर त्याने नुकसानही नाही.

रात्रपाळी
मृगजळशी पूर्ण सहमत. भेसळीच्या दारूचं राहिलं, ते जोडतो. भेसळीत येणाऱ्या मिथेनॉल या विषारी अल्कोहोलचा त्रास लगेच होत नाही, बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी सुरू होतो, आणि तोवर सगळ्यांना तो हँगओव्हर वाटतो. नजर धूसर होणं, डोळ्यांपुढे पांढरं दिसणं, पोटात जोरात दुखणं, धाप लागणं. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग व्हिएंगमध्ये अशा दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले, त्यात अगदी तरुण मुली होत्या. यावर उतारा आहे, फोमेपिझोल नाहीतर हॉस्पिटलमध्ये मोजून दिलेलं इथेनॉल (साध्या दारूतलं अल्कोहोल), गरज पडली तर डायलिसिस, पण वेळेत पोचलं तर. दुसऱ्या दिवशी दिसायला त्रास होतोय म्हणणाऱ्याला झोपवू नका, उचलून आणा. आणि त्याच बाटलीतून जे जे प्यायले त्या सगळ्यांना आणा, त्रास होत नसला तरी.

रानवेली
एक मुद्दा कुणीच घेतला नाही. दारूच्या नशेत दिलेली संमती ही संमती नसते, हे मुलामुलींना एकत्र बसवून सांगा, फक्त मुलींना वेगळं बसवून "जपून राहा" असं नको. ड्रिंकमध्ये काही घालायचा प्रकार होतोच, पण अशा प्रसंगांत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ड्रग साधी दारूच असते, गप्पा मारत मुद्दाम जास्त पाजलेली.

थोडंसंच पिऊनही अचानक तोल जायला लागला, बोलता येईना, तर मैत्रिणीने तिला कुणा "मी सोडतो हिला" म्हणणाऱ्याच्या ताब्यात द्यायचं नाही. आणि शंका असेल तर तपासणी लवकर, ड्रिंकमध्ये घातलं जाणारं जीएचबी हे गुंगीचं ड्रग लघवीतून साधारण १२ तासांत निघून जातं, काही गोळ्या तीनेक दिवस सापडतात. जमलं तर पहिली लघवी स्वच्छ डबीत जपून ठेवायची आणि दवाखान्यात द्यायची. ती प्यायली होती हा कुठल्याच तक्रारीत तिच्याविरुद्धचा पुरावा होता कामा नये, कुलूपकिल्ली, हे तुमच्या त्या अॅम्नेस्टीच्या नियमात असतं का?

कुलूपकिल्ली
चांगल्या नियमावल्यांमध्ये असतं, तक्रार करणारी किंवा साक्षीदार तेव्हा प्यायले होते यावरून त्यांच्यावर कारवाई होणार नाही असं स्पष्ट वाक्य असतं. अबोलीताई, हे मसुद्यात वेगळं कलम म्हणून घालाच, गृहीत धरू नका.

परतवाट
मी व्यसनातून बाहेर आलेला माणूस आहे, विद्यापीठातच सुरुवात झाली होती. तपशिलात जात नाही, पण त्या शपथेच्या सेशनमध्ये ज्याला आधीच सवय लागलीय तो मुलगाही बसलेला असतो आणि त्याच्यासाठी तिथे एकही वाक्य नसतं. व्यसनी म्हणजे वाया गेलेला असं स्टेजवरून म्हटलं गेलं की तो पुढची बरीच वर्षं कुणाकडे जात नाही.

त्याला काय सांगायचं? डब्ल्यूएचओची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, पाच मिनिटांत होते, एकट्याने भरता येते, त्यावरून कळतं आपण कुठे आहोत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा स्वमदत गट १९३५ पासून आहे, पैसे लागत नाहीत, पूर्ण नाव विचारत नाहीत, ऑनलाइन मीटिंगही असतात. कौन्सेलरकडे गेलं तर ते रेक्टरपर्यंत जाणार की नाही हे त्याला आधी कळायला हवं, नाहीतर तो दारापर्यंत जाऊन परत येतो.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत बंद करू नये, कृपया हे सांगाच. शरीराला सवय झालेली असते, ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम, थरथर, ताप, त्यातही जीव जातो. डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधांनी सोडवायची असते. इच्छाशक्ती लागतेच, ती नंतरच्या महिन्यांसाठी वापरायची.

दीपस्तंभ
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं मूल दारूपासून लांब असावं हे माझं मत बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. पण चांदणवेलने लिहिलेलं "आता कुणाला कळलं तर" हे वाचून लक्षात आलं की त्या यादीत माझंही नाव असणार, रेक्टरच्याही आधी. मुलाला नेमक्या कुठल्या शब्दांत सांगू? तो गप्प बसणारा आहे, लेक्चर दिलं की कान बंद करतो.

चांदणवेल
काका, थोडक्यात सांगा. "तू घेऊ नकोस असं मला वाटतं. पण कधी तू किंवा तुझा मित्र अडचणीत आलात तर आधी अँब्युलन्सला आणि मग मला फोन कर, कितीही वाजू देत. त्या रात्री मी एक शब्द विचारणार नाही." आणि मग खरंच विचारू नका, दुसऱ्या दिवशी विचारा. माझ्या बाबांनी मला हेच सांगितलंय, गरज पडली नाही, पण माहीत असल्याचा फार आधार वाटतो.

दीपस्तंभ
ठीक. आजच बोलतो त्याच्याशी.

अबोली
मंडळी, खूप आभार, वाचनखूण साठवलीये. स्लाइड्स काढून टाकते. धोक्याच्या खुणा आणि नंबर एवढंच छापलेलं कार्ड प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायचं ठरवतेय, देशाचा इमर्जन्सी नंबर वर आणि कँपस सिक्युरिटी त्याखाली, खोलीचा पूर्ण पत्ताही त्यावरच, म्हणजे घाबरलेल्या मुलाला फोनवर वाचून दाखवता येईल. अॅम्नेस्टीचा नियम समितीत मंजूर झाला तरच त्याची ओळ कार्डावर येईल, तोवर मी स्टेजवरून काहीच आश्वासन देणार नाही, कुलूपकिल्लींचा मुद्दा पटलाय.

रात्रपाळी, कुशीवर वळवायचं नुसतं सांगून राहणार नाही असं वाटतं. मुलांकडून करून घेता येईल का?

रात्रपाळी
करूनच घ्या. खाली सतरंज्या अंथरा, जोड्या पाडा, एकाने अंग पूर्ण ढिलं सोडून पडायचं आणि दुसऱ्याने वळवायचं, मग अदलाबदल. किरकोळ मुलीने धिप्पाड मुलाला वळवून बघायलाच हवं, गुडघ्याचा तरफेसारखा वापर केला की जमतं, ताकद फार लागत नाही. मग तिथेच मिनिटभर एकमेकांचे श्वास मोजायला लावा. मी येऊ शकतो, तारीख व्यनि करा, नाइट ड्युटी बघून सांगतो.